सैल दस्ता

आमच्या घरात एक रायफल आहे. एवढे साधे वाक्य लिहितानाही हात क्षणभर थांबतो. मुसलमानाच्या घरात रायफल म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. म्हणून आधीच सांगून टाकतो : रायफल परवान्याची आहे, परवाना चालू आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांत तिने तेलाच्या रिकाम्या डब्यांखेरीज कशालाही भोक पाडलेले नाही. विचारण्याआधीच हे सारे एका दमात सांगून टाकण्याची सवयही आम्हाला तिच्यामुळेच लागली.

आम्ही म्हणजे चार भावंडे. थोरली आपा लग्न होऊन चिपळूणला गेली. तिच्या पाठचा भाई दोह्याला नोकरीला. मधला पुण्यात. सर्वांत धाकटी गावीच शाळेत शिकवते आणि घर तीच सांभाळते. गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठी. लिहिणारा हात एकाचा असला, तरी ही हकीकत चौघांची आहे. चौघांनी ती वाचून, भांडून, दुरुस्त करून मग पाठवायला संमती दिली आहे.

रायफल आजोबांनी घेतली. आजोबा बोटीवर होते. इंजिनखात्यात आगवाला म्हणून लागले आणि सारंग होऊन उतरले. १९५७ साली त्यांनी मुंबईच्या एका दुकानातून ही पॉइंट टू-टू बोअरची, झेकोस्लोव्हाकियात ब्रनोला बनलेली रायफल विकत घेतली. तेव्हा इंग्रजांनी १८७८ साली केलेला हत्यारांचा कायदा लागू होता. नव्या कायद्याला १९५९ साल उजाडले आणि तो प्रत्यक्षात आला १ ऑक्टोबर १९६२ रोजी. आजोबांकडे दोन्ही राजवटींचे परवाने होते. जुना परवाना त्यांनी फेकला नाही. कागद फेकायचा नसतो, हे आमच्या घरातले पहिले कलम.

गावात बंदुका तशा नव्या नव्हत्या. शेताच्या राखणीला ठासणीच्या बंदुका होत्या. त्यांचा आवाज डोंगराला धडकून परत येई. आजोबांची रायफल त्यांच्यापुढे अगदीच मुकी वाटे. तिची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, आवाज सुकी काटकी मोडावी तसा. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध टोपी असते, पिन तिच्यावर आपटते. टू-टूच्या काडतुसात तो पेटणारा मसाला पितळी बुडाच्या दुमडलेल्या कडेतच भरलेला असतो. पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते आणि काडतूस फुटते. म्हणून रिकाम्या नळीवर चाप ओढू नये. पिन सरळ नळीच्या काठावर आदळते आणि तिथे खळगा पडतो. हे अब्बांनी आम्हाला लहानपणी शिकवले. रायफलीला हात लावायची परवानगी मात्र दिली नाही.

आजोबांनी तिच्यावर ससे, होले मारले असतील. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि ते थांबले. १९७९ साली आजोबा गेल्यावर परवाना अब्बांच्या नावावर झाला, तोवर रायफलीला तसे काही कामच उरले नव्हते. वर्षातून एकदा, ईदच्या दुसऱ्या दिवशी, अब्बा गावाबाहेरच्या पडीक चिरेखाणीत जात. मागे जांभ्याची उभी भिंत, पुढे ओळीने डबे. खडकीच्या कारखान्यातली पाच काडतुसे ते मोजून नेत आणि पाच रिकाम्या पुंगळ्या मोजून परत आणत. डबे गोळा करायचे काम आमचे. पाचातले चार डबे पडत, आणि पाचवा मुद्दाम सोडला असे अब्बा म्हणत.

रायफलीचा जो लाकडी भाग खांद्याला टेकतो आणि ज्याच्या खाचेत नळी बसते, त्याला दस्ता म्हणतात. फारसीत दस्त म्हणजे हात. हातात धरायचा तो दस्ता. मराठीत चोवीस ताव कागदालाही दस्ताच म्हणतात, आणि कचेरीत नोंदवतात तो दस्तही त्याच घरातला. आमच्या घरात हे दोन्ही दस्ते शेजारीशेजारी राहिले. माजघरातल्या लाकडी कपाटात अब्बांनी एक उंच, अरुंद कप्पा खास करून घेतला होता. कपाटाला कुलूप असे आणि किल्ली अब्बांच्या कमरेला. कप्प्यात रायफल उभी, नळी वर. तिच्या शेजारी कापडी बांधणीची फाइल. फाइलीत परवाने, नूतनीकरणाच्या पावत्या, काडतुसांचा हिशेब, आणि रायफल ठाण्यात जमा केल्याच्या व परत मिळाल्याच्या पावत्या. निवडणूक जाहीर झाली की बहुतेकदा ठाण्यातून निरोप येई. निरोप आला की अब्बा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघत. निरोप यायच्या आधी निघाल्याचेही आम्हाला आठवते.

त्यातली एक खेप आम्ही कुणीच विसरलेलो नाही.

१९९३ चा मार्च. डिसेंबरपासून मुंबईच्या बातम्यांनी घर आधीच गप्प झाले होते. आमच्या गावातल्या कितीतरी घरांचे कर्ते पुरुष मुंबईत होते. १२ मार्चला स्फोट झाले. मग तपासात पुढे आले, की स्फोटांचा माल रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरला होता. शेखाडी आमच्यापासून लांब नाही. किनारा तोच, भाषा तीच, नावेही तशीच. एका दिवसात सगळ्या किनाऱ्याकडे बघण्याची नजर बदलली. तिठ्यावरच्या ज्या दुकानदाराकडे अब्बांचे उधारीचे खाते होते, त्याने एकदा सहज म्हणावे तसे विचारले, "ती तुमची रायफल अजून घरातच आहे का हो?"

त्या रात्री अब्बांनी रायफल काढली, पुसली, तेल घातले. सकाळी चादरीत गुंडाळून, फाइल काखेत मारून ते ठाण्यात गेले. कोणी बोलावले नव्हते. तिथल्या अधिकाऱ्याने कागद पाहिले. म्हणाला, "कागद सगळे ठीक आहेत. आम्ही मागितलेली नाही, घेऊन जा." अब्बा म्हणाले, "राहू द्या साहेब. इथे असली तर मला झोप लागेल." रायफल चौदा महिने ठाण्यात राहिली. मधे एक पावसाळा गेला. आमच्याकडे पाऊस पडतो तो तीन-साडेतीन हजार मिलिमीटर. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, दारे चौकटीत अडकतात.

१९९४ च्या मेमध्ये रायफल घरी आली आणि त्यानंतरच्या ईदला खाणीत पाचातले दोनच डबे पडले. अब्बांनी नळी एका हातात आणि दस्ता दुसऱ्या हातात धरून हळूच हलवले. टक् असा बारीक आवाज झाला. लोखंड लाकडात हलत होते.

तेव्हापासून आमच्या घरची कथा ठरून गेली : ठाण्याच्या ओलीत रायफल खराब झाली. आम्ही ती सोयऱ्यांना सांगितली, कॉलेजात मित्रांना सांगितली. भाईने दोह्याला आपल्या खोलीतल्या सोबत्यांना सांगितली. या कथेत आमच्या बापाचा अपमान होता आणि त्याची खूणही होती, हाताने हलवून दाखवता येणारी. अशी खूण सगळ्यांनाच मिळत नाही.

अब्बांनी स्क्रू आवळले. दस्त्याच्या पोटाखालून दोन मोठे स्क्रू वर लोखंडात जातात. तेवढ्या दोघांवर सगळी रायफल बांधलेली असते. आवळले की महिना-दोन महिने ठीक जाई, पुन्हा टक्. मग पुन्हा आवळायचे. अब्बांचे डोळे अधू झाल्यावर सुट्टीला येणारा प्रत्येक जण एकेक पीळ देऊन जाई. भाई जोराचा, त्याने तर एकदा पकड लावून आवळले. स्क्रूची खाच निसटून निसटून वाटोळी झाली.

२०१८ साली अब्बा गेले. चाळिसावे झाल्यावर रायफलीचा प्रश्न समोर आला. परवानेदार गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानात जमा करावे लागते. आम्ही ती पुण्याच्या एका दुकानात जमा केली. २०१६ च्या नव्या नियमांत वारसाला परवाना मागता येतो; इतर वारसांनी ना-हरकत लिहून द्यावी लागते. पण वारस कोण व्हायचे?

भाई फोनवर म्हणाला, "सरकारजमा करून मोकळे व्हा. दिवस कुठले आहेत ते बघताय ना? उद्या काही झाले तर पहिली झडती आपल्या घराची." आपा म्हणाली, "अब्बांची आठवण म्हणून तेवढा दस्ता ठेवा, बाकी देऊन टाका." पुण्याच्या भावाला वाटत होते, ती विकावी. तिघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

धाकटी शेवटी बोलली. ती कॉलेजात असताना एनसीसीत होती. ऐन १९९५ साली, घरात रायफलीचे नाव काढायची चोरी असताना, तिने पॉइंट टू-टूच चालवली होती आणि पंचवीस मीटरवर सगळ्या गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत घातल्या होत्या. ते लक्ष्याचे कार्ड अब्बांनी फाइलीत लावून ठेवले होते. वर लाल शाईने तारीखही घातली होती. ती म्हणाली, "सरकारने साठ वर्षे या घराला विश्वासाने एक वस्तू ठेवायला दिलीय. दर वेळी चौकशी झाली आणि दर वेळी आपण खरे ठरलो. ती आता आपणहून परत का करायची? मी अर्ज करते. मिळाला तर मिळाला."

आम्ही स्टँपपेपरवर ना-हरकत लिहून दिली. भाईने दोह्याहून वकिलातीचा शिक्का मारून पाठवली, तीही कुरकुर करीत. अर्ज, डॉक्टरचा दाखला, पोलीस चौकशी, मधे करोनाची दोन वर्षे. परवाना हाती आला २०२१ च्या अखेरीस. १९५७ पासून त्या फाइलीत पहिल्यांदाच एका बाईचे नाव आले.

पण रायफल तशीच सैल होती. एप्रिल २०२३ मध्ये धाकटी आणि पुण्याचा भाऊ तिला घेऊन परवाना असलेल्या कारागिराकडे गेले. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्याने बोल्ट काढून नळीतून उजेड पाहिला, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि मगच रायफल टेबलावर घेतली. आम्ही कथा सांगायला सुरुवात केली : १९९३, ठाणे, पावसाळा. त्याने मान हलवत ऐकून घेतले आणि स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असा स्क्रू-ड्रायव्हर शोधून दोन्ही स्क्रू सोडले. लोखंड वेगळे झाले. आतले लाकूड आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

ते काळे होते. नळीच्या मागच्या बाजूला, जिथे लोखंडाचे बूड बसते, तिथे लाकूड भिजलेल्या खजुरासारखे दिसत होते. कारागिराने नख दाबले. नखाची खूण उमटली. बोट नाकाजवळ नेऊन म्हणाला, "शिवणयंत्राचे तेल. कोण घालत होते?"

"अब्बा. दर शुक्रवारी."

"आणि ठेवत कशी होते? उभी, नळी वर?"

"हो."

"मग झाले. पाण्याने लाकूड फुगते, सुकले की आकसते. आकसल्यावर स्क्रू ढिले होतात, ते आवळता येतात. हे पाण्याचे काम नाही. तेल नळीवरून उतरते आणि बुडाशी लाकडात मुरते. दर शुक्रवारचे चार थेंब, चाळीस वर्षे. तेल प्यायलेले लाकूड मऊ पडते. मऊ लाकडावर तुम्ही स्क्रू आवळलेत. लाकूड दबले, पुन्हा सैल. पुन्हा आवळलेत, आणखी दबले. ही बघा चीर." बुडामागे केसासारखी एक चीर गेली होती. "या काडतुसाला धक्का तो केवढा? धक्क्याने हे व्हायचे नाही. तेल आणि आवळणे."

पुण्याच्या भावाला राग आला. तो म्हणाला, "पण ठाण्यातून आल्यावरच सैल झाली होती." कारागीर शांतपणे म्हणाला, "असेल. चौदा महिन्यांची ओल काही चांगली नसते. पण एवढे काळे लाकूड चौदा महिन्यांत होत नाही."

त्या रात्री पुण्याच्या घरी आम्ही फाइल उघडली. आपा फोनवर होती, दोह्याहून भाई. मार्च १९९३ ची पावती सापडली. निळ्या कार्बनची, घडीवर फाटलेली. आम्ही ती आधी पाहिली नव्हती असे नाही, वाचली नव्हती. रायफलीचा नंबर, परवान्याचा नंबर, आणि खाली कारकुनाच्या अक्षरात शेरा : "नळी स्वच्छ. दस्ता किंचित हलतो." त्याखाली अब्बांची सही.

म्हणजे ठाण्याच्या दारात पाऊल टाकले तेव्हाच दस्ता सैल होता आणि अब्बांना ते ठाऊक होते. आम्ही आठवून पाहिले. 'ठाण्याने रायफल खराब केली' हे वाक्य अब्बांच्या तोंडून कुणी ऐकले होते का? आपाने नाही. भाईने नाही. कुणीच नाही. ते वाक्य आमचे होते. अब्बांनी ते आमच्या तोंडून पंचवीस वर्षे ऐकले आणि खोडले नाही. का खोडले नाही, हे विचारायला आता ते नाहीत.

भाई बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपण इतकी वर्षे उगाच..." धाकटीने त्याला मधेच थांबवले. "उगाच नाही. अब्बा न बोलावता गेले होते हे खरे आहे. दुकानदाराने विचारले होते हेही खरे आहे. फक्त त्याचा पुरावा दस्त्यात नाही."

आम्हाला त्या रात्री दुसरेच काही दिसले. अब्बा तेल का घालत होते? गंज चढू नये म्हणून, हे उत्तर आम्हाला पाठ होते. पण दर शुक्रवारी? वर्षातून पाच गोळ्या मारणाऱ्या रायफलीला? ज्या दिवशी कोणी कपाट उघडायला लावील, त्या दिवशी तिच्यावर गंजाचा ठिपकाही सापडू नये, परवान्यावर खाडाखोड सापडू नये, काडतुसांच्या हिशेबात एकाची तूट सापडू नये, यासाठी ते चाळीस वर्षे तयार राहिले होते. नळी स्वच्छ होती. कारकुनाने तसे लिहूनही दिले. ते तेल सारे लाकडाने प्यायले. आणि आम्ही मुले काय करीत होतो? सैल झाले की आवळत होतो.

कारागिराने लोखंड आपल्या नोंदवहीत जमा करून घेतले, पावती दिली आणि दस्ता आमच्या हातात ठेवला. म्हणाला, "तेल काढायचे काम सावकाशीचे आहे. माझ्याकडे तेवढी जागाही नाही आणि ऊनही नाही. मेचे ऊन कोकणात भरपूर. काढून आणा, मग पुढचे मी करतो." त्याने रीतही सांगितली.

धाकटीने नुसता दस्ता जुन्या चादरीत गुंडाळून एसटीने आणला. शेजारच्या आजींनी विचारले, "सतार काय गो?" ती म्हणाली, "नाही आजी, घरचंच जुनं लाकूड आहे." तिने नंतर सांगितले, की चादरीत गुंडाळलेली ती वस्तू मांडीवर घेऊन बसताना तिला पहिल्यांदाच कसली धास्ती वाटली नाही.

मेच्या सुट्टीत आम्ही चौघे घरी जमलो. भाई दोह्याहून आला. रंगाच्या दुकानातून चॉक पावडर आणली. ती अ‍ॅसिटोनमध्ये कालवून दोशाच्या पिठासारखी दाट केली आणि काळ्या भागावर जाड थर दिला. हे काम अंगणात, चुलीपासून लांब. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेते. अ‍ॅसिटोन उडून जाते, पावडर सुकत जाते आणि लाकूड उन्हाने तापले की आतले तेल वर येऊन पावडरीत शिरते. दुपारपर्यंत पांढरा थर पिवळा पडे, संध्याकाळी तपकिरी. ब्रशने झाडायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा थर. पहिले आठ दिवस थर चहाच्या रंगाचे निघत होते. अठराव्या दिवशी थर जवळजवळ पांढराच राहिला. झाडलेली पूड आपाने एका बरणीत भरून ठेवली. कशाला, असे कोणी विचारले नाही. चाळीस वर्षांचे शुक्रवार होते ते.

मग गावातले सुतारकाका आले. त्यांच्या वडिलांनीच अब्बांचे ते कपाट केले होते. त्यांनी दस्ता उन्हाकडे धरून पाहिला. म्हणाले, "लाकूड मेलं नाय अजून. अक्रोड काय हा? आपल्याकडं नाय मिळायचा." चिरेत त्यांनी पातळ सरस बारीक पट्टीने आत ढकलला आणि दोरी गुंडाळून रात्रभर बांधून ठेवले. स्क्रूच्या दोन्ही भोकांभोवतीचे दबलेले लाकूड कोरून काढले. तिथे बसवायला त्यांनी आमच्याच परसातल्या, वादळात पडलेल्या फणसाचा जुना तुकडा निवडला. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ. त्यात अर्धी वाडी झोपली होती. तीन वर्षे माळ्यावर सुकलेले ते लाकूड. खुंट्या बसवताना त्यांनी अक्रोडाच्या रेषा आणि फणसाच्या रेषा एका दिशेला जुळवल्या. म्हणाले, "रेषा आडवी गेली तर पावसात एक इकडं ओढील, दुसरं तिकडं. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत नाय." मजुरी विचारली तर म्हणाले, "तुमच्या अब्बांनी माझ्या पोराच्या कॉलेजच्या फॉर्मवर सही केली होती. ऱ्हाऊ दे."

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, दस्ता पुण्याला पोहोचला. कारागिराने फणसाच्या खुंट्यांतून आरपार भोके पाडली आणि त्यांत पोलादी नळीचे दोन तुकडे बसवले, लाकडाच्या जाडीशी नेमके कापून. आता स्क्रू कितीही आवळला तरी दाब लोखंडावर लोखंडाचा; लाकूड दबायचे नाही. मग लोखंडाच्या बुडाला मेणाचे पॉलिश चोपडले, स्क्रूंना ग्रीस लावले. अरल्डाइटच्या दोन्ही ट्यूबांतले द्रव्य कालवून, त्यात थोडा लाकडाचा भुसा मिसळून, खाचेत पातळ थर दिला आणि लोखंड त्यात अलगद बसवले. मेण असल्यामुळे लोखंड चिकटत नाही, पण त्याच्या आकाराचा नेमका ठसा उमटतो. दुसऱ्या दिवशी सोडून पाहिले. लोखंडाच्या प्रत्येक कडेची आणि वळणाची छाप तिथे होती.

स्क्रू आवळताना कारागिराने भाईला जवळ बोलावले. "तुम्हीच ना तो पकडवाले?" भाई हसला. "थोडा पुढचा, थोडा मागचा, पुन्हा पुढचा. ड्रायव्हर दोन बोटांत धरा, मुठीत नाही. तो आपण होऊन थांबला की आपणही थांबायचे." मग त्याने एक चाचणी दाखवली. नळी आणि लाकूड जिथे भेटतात तिथे बोट ठेवायचे आणि एक स्क्रू हळूहळू सोडायचा. नळी बोटाखाली उसळली तर समजायचे, की लोखंड जबरदस्तीने वाकवून बसवले आहे. आम्ही चौघांनी आळीपाळीने बोट ठेवून पाहिले. काहीच हलले नाही. स्क्रू सैल असतानाही लोखंड आपल्या जागी बसले होते.

पावसाळा गेल्यावर धाकटीने रायफल क्लबच्या रेंजवर पाच गोळ्या मारल्या. पंचवीस मीटर. एनसीसीतल्या रुपयाएवढ्या जागेत नाही बसल्या. चहाच्या बशीएवढ्या जागेत बसल्या. ती म्हणाली, "आता दोष दस्त्याला देता येणार नाही." कार्ड तिने फाइलीत लावले, अब्बांनी लावलेल्या कार्डाच्या मागे.

आता कपाटात रायफल आडवी असते. तेल वर्षातून दोन-तीनदा, फडक्यावर दोन थेंब, आणि मग कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे. लाकडाला अळशीच्या तेलाचा हलका हात. शुक्रवारी धाकटी कपाट उघडत नाही. सुरुवातीला तिला चुकल्याचुकल्यासारखे वाटे म्हणते.

२०२४ च्या निवडणुका जाहीर झाल्या तेव्हा ठाण्यातून निरोप आला. निरोप आल्यावर ती गेली, आधी नाही. ड्यूटीवरच्या तरुण कारकुनाने नंबर ताडून पाहिला, रायफल हातात घेऊन नळी आणि दस्ता हलवून पाहिला आणि पावतीवर शेरा लिहिला : "सुस्थितीत." त्याला विशेष काही वाटले नाही. त्याच्या दृष्टीने ती त्या दिवशीची सातवी की आठवी रायफल होती.

धाकटीने पावतीचा फोटो काढून आम्हा तिघांना पाठवला. भाईचे उत्तर सगळ्यांत आधी आले. त्याने विचारले होते, "शेरा वाचलास ना नीट?"

या वेळी आम्ही सगळ्यांनी वाचला होता.